ॲक्रिलिक रंग पातळ करून ब्रशने स्केल मॉडेल रंगवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअरब्रश नाही, कंप्रेसर ठेवायला जागा नाही, घरात फवारणीचा वास चालत नाही. तरीही विमान, रणगाडा किंवा जहाज नीट रंगवायचं आहे. अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच मॉडेल घेतलं आहे: आपल्या नौदलाचं सी हॅरियर, १:७२ मापातलं. १९८३ साली ही विमानं गोव्यात दाबोळीला आली आणि २०१६ साली तिथेच निवृत्त झाली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांची पाठ काळपट करडी आणि पोट पांढरं असायचं. ब्रशने रंगवताना अडवणारे जवळपास सगळे प्रश्न या दोन रंगांत येऊन जातात, म्हणून हेच विमान घेतलं.

रंग पातळ करायचाच कशाला? बाटलीतला तसाच लावला तर काय बिघडतं?

पहिली बिघडते ती जाडी. १:७२ च्या मॉडेलवर ०.१ मिलिमीटरचा थर बसला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने तो ७.२ मिलिमीटरचा लेप झाला. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या बारीक खाचा साच्यातच कोरलेल्या असतात, त्या या लेपाखाली बुजतात. रिव्हेट दिसेनासे होतात आणि विमान मेणात बुडवून काढल्यासारखं दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे फराटे. ब्रशचा प्रत्येक केस ओल्या रंगात एक बारीक सरी पाडत जातो. रंग पातळ असला तर सुकायच्या आत या सऱ्या आपोआप भरून येतात. दाट रंगाला तेवढी सवडच मिळत नाही, सरी तशीच वाळते. मग पंख नांगरलेल्या वावरासारखा दिसतो, आणि वरून कितीही हात मारले तरी खालची नांगरट लपत नाही.

मग नेमकं प्रमाण सांगा ना.

सुरुवातीला धरायचे आकडे असे. खाली येणारी नावं मॉडेलचे रंग बनवणाऱ्यांची आहेत. व्हायेहोच्या मॉडेल कलरला (आपल्याकडे बरेच जण व्हॅलेजो म्हणतात, तोच) ३ थेंब रंगाला १ थेंब थिनर किंवा पाणी. मोठ्या सपाट भागासाठी २ ला १. टामियाला २ भाग रंग आणि १ भाग त्यांचंच एक्स-२०ए थिनर. सिटाडेलच्या डबीतला रंग आधी ब्रशने पॅलेटवर काढून घ्यायचा आणि त्यात पाणी थेंबाथेंबाने वाढवायचं.

पण हे आकडे पाठ करून काम होत नाही. एकाच कंपनीचा काळा रंग पाण्यासारखा निघतो आणि पिवळा मलमासारखा. अर्धी संपलेली, वर्षभर कपाटात राहिलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा दाट असते. म्हणून थेंब मोजा, पण निर्णय डोळ्यांवर सोपवा.

मी बघतो ते असं. पॅलेटच्या खळग्यात रंग कालवला की ब्रशने थोडा खळग्याच्या उतारावर ओढायचा. तो खाली ओघळताना मागे एक पातळ, सलग पडदा राहिला पाहिजे. तापवून साय काढलेलं म्हशीचं दूध पेल्यातून ओतल्यावर काचेवर जसा पडदा धरतं, अगदी तसा. रंग खाली उतरतच नसेल तर अजून एक थेंब. पडदा न राहता नुसतं गढूळ पाणी वाहून गेलं, तर पातळ जास्त झालं, रंग वाढवा.

मग दुसरी चाचणी. प्लास्टिकचे चमचे प्रायमर (रंगाची पकड बसावी म्हणून आधी देतात ते अस्तर) मारून ठेवलेले असतात, त्यातल्या एकाच्या पाठीवर एक फटकारा मारायचा आणि सावकाश दहापर्यंत मोजायचं. केसांच्या रेघा तशाच राहिल्या तर रंग दाट आहे. रंग मागे सरकून थेंब-थेंब झाला तर पातळ आहे. खालचा प्रायमर अंधुक दिसतोय, पण सगळीकडे सारखाच दिसतोय, म्हणजे जमलं. चमच्याची पाठ गोल असते, विमानाच्या धडासारखी, त्यामुळे सपाट कागदापेक्षा ती खरं सांगते.

माझ्या बाटलीत कोणत्या जातीचा ॲक्रिलिक आहे, कसं ओळखायचं?

सगळ्या पानात सर्वात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. बाटलीवर «ॲक्रिलिक» लिहिलेलं असतं, पण त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली जात खरोखर पाण्यावरची. व्हायेहो, सिटाडेल, लाइफकलर, एके कंपनीचे तिसऱ्या पिढीचे रंग हे या घरातले. यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांश तरंगतो तसे. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि त्यांची एक पापुद्र्यासारखी पटल तयार होते. एकदा ती झाली की पाण्याने पुन्हा विरघळत नाही.

दुसरी जात टामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेची आणि मिस्टर हॉबीच्या एच मालिकेची. झाकण उघडलं की स्पिरिटसारखा वास येतो. यात राळ अल्कोहोल आणि तशाच द्रावकांत विरघळलेली असते. पाणी यात मिसळतं, ब्रश पाण्याने धुता येतो, म्हणून लोक याला पहिल्याच जातीचा समजतात आणि तिथेच गाडी घसरते.

नाकाने ओळखा. अमोनियासारखा सौम्य वास किंवा वासच नाही, तर पहिली जात. इंजेक्शन देण्याआधी दंडावर फिरवतात त्या बोळ्यासारखा वास आला, तर दुसरी.

व्हायेहोमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं का?

नाही. हे मी स्वतः करून बसलो आहे. एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, «ॲक्रिलिक आहे ना, मग चालतं की.» घरी येऊन करड्या रंगात चार थेंब टाकले आणि काडीने ढवळायला लागलो. आधी रंग थोडा घट्ट झाला. मग काडीला लोंबायला लागला. अर्ध्या मिनिटात खळग्यात करड्या गुठळ्या आणि भोवती पाणी, दूध नासल्यावर दिसतं तसं हुबेहूब. घडलेलंही तेच होतं. राळेचे कण पाण्यात वेगवेगळे तरंगत ठेवणारी जी व्यवस्था असते ती अल्कोहोलने मोडते आणि कण एकमेकांना चिकटतात. नासलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, तसा हा रंगही परत येत नाही. त्या ब्रशच्या मुळाशी बसलेली गुठळी शेवटपर्यंत निघाली नाही आणि चांगला ब्रश गेला.

टामियाला मात्र आयसोप्रोपिल चालतं. फक्त ते भराभर उडतं, त्यामुळे ब्रशच्या कामाला एक्स-२०ए जास्त बरं. फवारणीला झटपट सुकणं फायद्याचं असतं, ब्रशला नाही.

नळाचं पाणी चालेल?

पहिल्या जातीच्या रंगाला चालतं, पण कुठल्या नळाचं ते बघा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर क्षार काळपट रंगावर पांढुरक्या धुरळ्यासारखे उमटू शकतात. ज्या गावात गीझरच्या आत खडी साचते, तिथे मॉडेलसाठी ते पाणी नको. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सहज मिळतं आणि एक बाटली वर्षभर पुरते.

नुसत्या पाण्याला मर्यादा मात्र आहे. पाणी वाढवलं की राळ विरळ होते. रंगाच्या निम्म्याहून जास्त पाणी गेलं की पटल कमकुवत होते, बोट घासलं तरी पावडर सुटते. शिवाय पाण्याचा ताण मोठा, ते प्लास्टिकवर पसरण्यापेक्षा गोळा व्हायला बघतं. सुकताना रंग कडेला जमतो, मध्ये फिकट राहतो. चहाचा कप उचलल्यावर टेबलावर जो गोल उरतो, तसे गोल पंखावर दिसतात. म्हणून एक-दोन थेंबांपुरतं पाणी, त्यापुढे थिनर मीडियम.

थिनर मीडियम, ग्लेझ मीडियम, रिटार्डर, फ्लो इम्प्रूव्हर. यातलं नक्की काय घेऊ?

एकच घ्यायचं असेल तर थिनर मीडियम. म्हणजे जवळपास तोच रंग, फक्त रंगद्रव्य काढलेला. त्यामुळे रंग पातळ होतो पण राळेचं प्रमाण फारसं ढळत नाही.

दुसरी बाटली परवडली तर फ्लो इम्प्रूव्हर. हे पाण्याचा ताण तोडतं आणि रंग ब्रशवरून सुळकन उतरतो. मी पॅलेटवरच्या दहा थेंबांना एक थेंब घालतो, त्याहून जास्त कधीच नाही. जास्त झालं की रंग जागेवर थांबत नाही, खाचेत आणि कोपऱ्यात धावतो.

रिटार्डर सुकणं लांबवतं. ते कुठे लागतं आणि कुठे अजिबात नको, ते पुढे हवामानाच्या प्रश्नात आलं आहे. ग्लेझ मीडियम छटा चढवणाऱ्यांसाठी, आकृत्यांचे चेहरे रंगवणाऱ्यांसाठी. विमानवाल्यांनी नाही घेतलं तरी चालतं.

टामिया ब्रशने लागतच नाही म्हणतात. खरं का?

लागतं, पण त्याची रीत वेगळी आहे. अडचण अशी की दुसऱ्या हातातलं द्रावक खालच्या अर्ध्या ओल्या हाताला पुन्हा विरघळवतं. तुम्ही रंग लावायला जाता आणि ब्रश खालचा उचकटून आणतो. तिथे एक खड्डा पडतो, तो भरायला पुन्हा ब्रश फिरवला की खड्डा मोठा होतो.

यावर तीन उपाय, आणि तिन्ही एकदम करायचे. रंगात टामियाचंच ॲक्रिलिकचं रिटार्डर अगदी थोडं घाला, दहा थेंबांना एक. रुंद, मऊ ब्रश घ्या आणि एका जागेवरून दोनपेक्षा जास्त वेळा फिरवू नका. आणि दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या. या तिसऱ्या उपायाचाच लोकांना कंटाळा येतो आणि सगळी बदनामी त्यातून झाली आहे. सी हॅरियरच्या पाठीचा एक्स्ट्रा डार्क सी ग्रे मिस्टर हॉबीत एच ३३३ या क्रमांकाने मिळतो. त्यालाही हाच नियम लावा, रंग सुरेख बसतो.

अगदी पहिलंच मॉडेल असेल तर मात्र व्हायेहोच्या घरातल्या रंगाने सुरुवात करा. तो चुका पोटात घालतो.

पहिला हात दिला आणि फार वाईट दिसतंय. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. पहिला हात वाईट दिसायलाच हवा. ठिकठिकाणी खालचा प्रायमर दिसेल, कुठे गडद कुठे फिकट, ढगाळ आभाळासारखं. नवा माणूस नेमक्या याच क्षणी घाबरतो आणि फिकट जागा भरायला दाट रंग घेऊन बसतो. बिघडलेली बहुतेक मॉडेलं मी याच टप्प्यावर बिघडलेली पाहिली आहेत.

ब्रश धुवा, विमान झाकून ठेवा आणि उठा. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा हात. तेव्हा ढग थोडे मिटतात. तिसऱ्याला रंग एकसारखा दिसू लागतो. करड्या, हिरव्या, तपकिरी रंगांना तीन ते चार हात पुरतात. चार पातळ हात मिळूनसुद्धा एका दाट हातापेक्षा कमी जाड होतात, आणि चौथ्यानंतर दिव्याखाली विमान तिरपं धरलं तर खाचा तशाच कोरीव दिसतात.

ब्रश चालवायचा कसा? पंखावर नेमकं काय करायचं?

ब्रश रंगात पूर्ण बुडवू नका, केसांचा पुढचा तिसरा हिस्साच. मग टिश्यूवर एकदा हलकेच टेकवा. पातळ रंगात हे टेकवणं सोडलं की पहिला फटकारा मारल्यावर तिथे डबकं झालंच म्हणून समजा.

सी हॅरियरचं धड १:७२ मध्ये साधारण २० सेंटिमीटर भरतं, म्हणजे वीतभर. पंख त्या मानाने आखूड. पंखाच्या टोकापासून सुरुवात करून मुळाकडे यायचं. फटकारे पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे, हवा वाहते त्या दिशेने. प्रत्येक नवा फटकारा आधीच्या फटकाऱ्याच्या ओल्या कडेला थोडा चढवायचा. कड ओली आहे तोवर सांधा दिसत नाही. ती सुकल्यावर चढवला तर तिथे कायमची रेघ. म्हणून पंख अर्धा झाला असताना फोन घ्यायला उठायचं नाही.

मुळाशी, जिथे पंख धडाला मिळतो, तिथे रंग साचतोच. तो तिथेच फिरवत बसू नका. दुसरा स्वच्छ, ओलसर पण निपटलेला ब्रश जवळ ठेवा आणि त्याचं टोक साचलेल्या रंगाला नुसतं लावा. केस आपोआप रंग ओढून घेतात, वातीने तेल ओढावं तसा. कोपरा मोकळा होतो.

सुटलेली जागा दिसली तर ती पुढच्या हाताला. अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ब्रश नेला की रंग रबरासारखा गोळा होऊन निघतो. हा एक मोह आवरला तर निम्मं काम साधलं.

पांढरा झाकतच नाही. पिवळ्या-लालचंही तेच. किती हात देत बसू?

पांढऱ्या, पिवळ्या आणि लाल रंगांची झाकण्याची ताकद मुळातच कमी असते. तो तुमचा दोष नाही. पण काळ्या किंवा गडद करड्या प्रायमरवर पांढरा चढवायला गेलात तर सात-आठ हात होतील आणि शेवटी थर जाडच होईल.

खालून पायऱ्या बांधा. सी हॅरियरच्या पोटाला मी आधी फिकट करड्याचे दोन हात देतो, मग मळकट पांढऱ्याचे दोन, आणि शेवटी शुभ्र पांढऱ्याचा एकच, खूप पातळ. पुष्कळदा मळकट पांढऱ्यावरच थांबतो, कारण छोट्या मापात शुभ्र पांढरा खेळण्यासारखा दिसतो. लालच्या खाली गुलाबी, पिवळ्याच्या खाली मातकट पिवळा किंवा फिकट तपकिरी. या अस्तरामुळे वरचे दोन हात पुरतात.

पावसाळ्यात रंग सुकत नाही, आणि मे महिन्यात ब्रशवरच सुकतो. काय करू?

परदेशी बाटल्यांवरच्या सूचना आपल्या हवेसाठी लिहिलेल्या नसतात, म्हणून या प्रश्नाकडे जरा नीट बघूया.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जुलैत हवेत इतका दमटपणा असतो की पाणी उडायलाच तयार नसतं. व्हायेहोचा हात वरून कोरडा वाटतो, पण आत ओला असतो. अशा दिवसांत रिटार्डर अजिबात नको. पाणीही कमी, त्याऐवजी थिनर मीडियम. दोन हातांत अर्ध्या तासाऐवजी दोन तास, आणि मास्किंग टेप (दुसरा रंग लागू नये म्हणून झाकायची चिकटपट्टी) लावायच्या आधी पूर्ण दोन दिवस. ग्लिसरीन घालून रंगाचं सुकणं लांबवता येतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात असा रंग आठवडाभर बोटांना चिकटत राहतो. किनारपट्टीवर राहत असाल तर ग्लिसरीनच्या वाटेला जाऊ नका.

नागपूर, अकोला, जळगावचा मे याच्या बरोबर उलट. पॅलेटवर काढलेला रंग दोन मिनिटांत साय धरतो आणि ब्रशच्या मुळाशी घट्ट होतो. तिथे रिटार्डर उपयोगाचं, वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारं पॅलेट, पुढच्याच प्रश्नात आहे) जवळपास सक्तीचं, आणि वेळ पहाटेची किंवा रात्रीची. कूलरच्या झोतात बसू नका.

आणि कुठल्याही गावात, कुठल्याही ऋतूत, रंगवताना छताचा पंखा बंद. सुरू पंख्याखाली ओली कड पाच-सहा सेकंदांत मरते. घामाचा थेंब विमानावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधा, पण पंखा बंदच ठेवा. रंगवून झाल्यावर लावा.

वेट पॅलेट विकतच घ्यायला हवं का?

नाही. घट्ट झाकणाचा चपटा डबा घ्या. तळाला पातळ स्पंज किंवा चार पदरी टिश्यू, तो डिस्टिल्ड पाण्याने भिजवा. वर केक भाजताना वापरतात तो बटर पेपर. पाणी खालून हळूहळू झिरपतं आणि रंग काही तास ओला राहतो. मेण लावलेला कागद मात्र नको, त्यातून पाणी येत नाही. कागदावर पाण्याचं तळं दिसलं तर थोडं काढून टाका, नाहीतर तुम्ही जमवलेलं प्रमाण आपोआप बिघडतं. पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी टिश्यू बदला, बुरशी धरते. टामियासाठी वेट पॅलेट वापरू नका, त्याला चिनीमातीची बशी किंवा बाटलीचं झाकण उत्तम.

रंग प्लास्टिकवर थांबतच नाही, मागे सरकतो. अजून दाट करू का?

करू नका. हा दाट-पातळचा प्रश्नच नाही, हा तेलकटपणाचा आहे. भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेलं तेलकट द्रव्य प्लास्टिकवर राहिलेलं असतं आणि जोडताना आपल्या बोटांचं तेल लागतं ते वेगळं. भाग किटमधल्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा आणि सुकू द्या. पाणी कडकडीत नको, पातळ भाग वाकतात.

मग प्रायमर. पाण्यावरच्या रंगांना तो हवाच. उघड्या प्लास्टिकवर व्हायेहोची पकड इतकी कच्ची असते की टेप काढताना पापुद्राच निघून येतो. स्प्रे कॅनचा प्रायमर गच्चीवर किंवा बाल्कनीत मारता आला तर उत्तम. नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तोही दोन पातळ हातांत.

कॅमलचे ॲक्रिलिक रंग चालतील का? पोस्टर कलर?

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पहिला ब्रश कॅमलच्याच डबीसोबत आला, त्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. चित्रकारांसाठीचे ट्यूबमधले ॲक्रिलिक कॅनव्हाससाठी बनवलेले असतात. त्यांनी ब्रशचा उठाव धरून ठेवावा हीच अपेक्षा असते, आणि आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं असतं. मॉडेलखालची माती, दगड, झाडं, भिंती यांसाठी ते झकास आहेत आणि पुष्कळ स्वस्त पडतात. मी डायोरामाची (मॉडेलभोवतीच्या छोट्या देखाव्याची) जमीन त्यांनीच रंगवतो. विमानाच्या पत्र्यासाठी मॉडेलचेच रंग घ्या. पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्याने विरघळतो, पुढचा हात दिला की सगळा वर येतो. तो नको.

टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, हार्डवेअरच्या दुकानातला थिनर?

टर्पेंटाइन इनॅमल आणि तैलरंगांसाठी, ॲक्रिलिकमध्ये मिसळत नाही. ॲसिटोनवाला रिमूव्हर आणि दुकानातला एनसी थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, विरघळवतात, मॉडेलच वितळेल. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन आणि घट्ट करणारी द्रव्यं असतात. चारही नकोत.

ब्रश कोणता?

मोठ्या भागांना सिंथेटिक केसांचा चपटा ब्रश, साधारण ६ ते १० मिलिमीटर रुंद, मऊ. दाबल्यावर टाचणीसारखे ताठ उभे राहणारे केस नकोत, ते सऱ्या पाडतात. बारीक कामाला १ किंवा २ क्रमांकाचा गोल, टोक चांगलं असलेला. शून्य शून्य क्रमांकाच्या ब्रशचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यात रंग मावतच नाही. कॅनपीपर्यंत (वैमानिकावरच्या काचेच्या झाकणापर्यंत) पोचेस्तोवर तो सुकलेला असतो. मोठ्या ब्रशचं चांगलं टोक त्याच्यापेक्षा बारीक रेघ काढतं.

टोक करायला ब्रश जिभेवर फिरवू नका. काही रंगद्रव्यं पोटात जाण्यासारखी नसतात. ओल्या टिश्यूवर फिरवूनही तेच टोक येतं.

जास्त पातळ झाला आणि ओघळ आला. आता?

ओला असेपर्यंत निपटलेल्या ब्रशने टिपून घ्या. सुकायला लागला असेल तर हात लावू नका, एक दिवस पूर्ण सुकू द्या. मग १५०० किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घोटा. ओघळ सपाट झाला की पुसून त्या जागेवर दोन पातळ हात. फराटे पडले असतील तरी उपाय हाच.

उरलेला पातळ रंग बाटलीत परत ओतू का? आणि सुकलेली बाटली वाचते का?

मूळ बाटलीत परत ओतू नका, आणि बाटलीतच पातळ करून ठेवू नका. उरलेला रंग छोट्या झाकणाच्या डबीत ठेवा, नाव-प्रमाण लिहून. नळाच्या पाण्याने केलेल्या मिश्रणाला काही दिवसांत घाण वास येऊ शकतो, डिस्टिल्डचं जास्त टिकतं.

पाण्यावरचा रंग बाटलीत रबरासारखा झाला असेल तर गेला, त्याची पटल तयार झाली. टामिया घट्ट झाला असेल तर एक्स-२०ए थोडं थोडं घालून, दिवसभर मुरवत ठेवून बऱ्याचदा परत येतो.

खरं तर पुष्कळ बाटल्या सुकलेल्या नसतातच, रंग तळाशी बसलेला असतो. बाटलीत दोन काचेचे मणी टाका आणि मिनिटभर हलवा. नेलपॉलिशच्या बाटलीत गोळी खुळखुळते ती याचसाठी. साधी लोखंडी छर्ऱ्याची गोळी टाकू नका, गंजते आणि रंग बदलतो.

अख्खं विमान ब्रशने करायला किती दिवस लागतात?

माझं सी हॅरियर आठ दिवसांत होतं, रोज तासाभराच्या बैठकीत. पहिल्या दिवशी धुणं आणि प्रायमर. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पोटाचा पांढरा. नेहमी फिकट आधी, कारण पांढऱ्यावर करडा दोन-तीन हातांत बसतो, उलटं केलं तर दमछाक होते. चौथा दिवस मोकळा, रंग कडक व्हायला. पाचव्या दिवशी धडाच्या बाजूने टेप. टेपची कड नखाने दाबायची आणि त्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात द्यायचा, म्हणजे झिरपायचं असेल ते पांढरंच झिरपतं आणि फट बुजते.

मग करड्याचे हात, सहाव्या दिवसापर्यंत. इथे फटकारा टेपकडून बाहेर ओढायचा. टेपच्या दिशेने ब्रश ढकलला की रंग कडेखाली शिरतो. सातव्या दिवशी चकचकीत वार्निशचा पातळ हात, कारण खरबरीत पृष्ठभागावर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) ठेवलं तर खाली हवा अडकून ते चंदेरी दिसतं.

टेप मात्र वार्निशच्या आधी काढायची, शेवटच्या करड्या हातानंतर तासाभरात, रंग थोडा लवचिक असताना. एका टोकाला चिमट्याने पकडा आणि टेप स्वतःवरच दुमडून, मागच्या मागे, सावकाश ओढा. शेपटीकडून नाकाकडे येताना करडा आणि पांढरा एकेक मिलिमीटर वेगळे होत जातात. मध्ये कुठे करडा झिरपलाच असेल तर टोकदार ब्रशवर पातळ पांढरा घ्या, टिश्यूवर टेकवा, आणि तेवढ्याच जागेवर दोन हात.

आठव्या दिवशी डेकल.